वैशाखातील वर्दळ

पुण्यात उन्हाळा हा बहुधा तक्रारीचाच विषय असतो. होळी उलटली की पाण्याच्या वेळा, डासांचा उपद्रव, डांबरी रस्त्यांतून वर येणारी धग आणि गावी जाणाऱ्या गाड्यांची न मिळणारी तिकिटे यांपलीकडे नागरिकांचे लक्ष सहसा जात नाही. आणि ज्याला पाखरांची थोडीबहुत हौस आहे असा गृहस्थही, ‘आता पाऊस पडल्यावर पाहू’, असे म्हणून आपली दुर्बीण कपाटात ठेवून देतो. त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नसते असे नाही. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले धोबी, बदके आणि इतर पाहुणे चैत्र संपेपर्यंत परतलेले असतात, वेताळ टेकडीवरचे गवत वाळून, आणि पुष्कळदा वणव्याने जळूनही, गेलेले असते, आणि मुठेच्या पात्रात पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. तथापि एवढ्यावरून उन्हाळा हा सृष्टीच्या विश्रांतीचा काळ होय असा जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. पावसाळ्याच्या आरंभी अळ्या, नाकतोडे, पंख फुटलेली वाळवी आणि असंख्य जातींचे भुंगेरे यांची जी रेलचेल होते, तिच्या सुमारास आपली पिले चोच उघडून बसलेली असावीत अशी ज्या पक्ष्यांची निकड असते, त्यांना जोडीदार मिळवणे, हद्द ठरवणे, घरटे बांधणे आणि अंडी उबवणे ही सारी कामे भर चैत्र-वैशाखातच उरकावी लागतात. शहरात राहून पक्षी आणि कीटक पाहावयाचे असतील, तर होळीपासून मृग लागेपर्यंतची मुदत हीच माझ्या मते सर्वांत उत्तम मुदत होय.

हे पाहणे भरवस्तीत, आपापल्या उंबरठ्यावर करता येते, ही गोष्टही नवी नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन या नावाचे एक इंग्रज गृहस्थ १८५१ साली साताऱ्यास जन्मले, १८७० पासून १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवीत होते, आणि पुढे मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरीस लागले. १८८३ साली मुंबईत ज्या सातआठ मंडळींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली त्यांत ते होते. ‘ईहा’ या आद्याक्षरांच्या नावाने त्यांनी जी पुस्तके लिहिली, त्यांतील ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे आपल्या बंगल्याच्या भिंतींत, छपरात आणि परसात राहणाऱ्या प्राण्यांविषयी आहे, आणि १९०० साली प्रसिद्ध झालेले ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ हे नावाप्रमाणेच मुंबईच्या नित्य दिसणाऱ्या पाखरांविषयी. वाघ-सिंहांच्या शिकारीची वर्णने लिहून साहेबलोक कीर्ती मिळवीत होते त्या काळात या जकातखात्यातल्या अधिकाऱ्याने कावळा, पाल आणि मुंगी यांच्याकडे लक्ष पुरवावे, यातच त्यांचा मोठेपणा आहे. पक्ष्यांची नावे पाठ करून त्यांची यादी वाढवीत नेण्याचा जो हव्यास अलीकडे बोकाळला आहे, त्यापेक्षा एखादे सामान्य पाखरू या क्षणी नेमके काय करीत आहे आणि ते याच महिन्यात का करीत आहे, एवढे दोन प्रश्न विचारण्याची त्यांची रीत मला अधिक फलदायी वाटते.

आरंभ एखाद्या उंबरापासून करावा. दत्ताचे वास्तव्य मानल्यामुळे उंबरावर कुऱ्हाड चालवण्यास आपले लोक अद्याप कचरतात, आणि म्हणून रस्तारुंदीच्या कित्येक हुकुमांतून बचावलेली उंबराची झाडे पेठांतल्या बोळांत, देवळांच्या आवारांत आणि गृहसंस्थांच्या कुंपणालगत आजही उभी आहेत. बुंध्याला आणि जाड फांद्यांना थेट लगडलेले फळांचे घोस, खाली पदपथावर पडून चिरडलेल्या उंबरांचा आंबूस वास आणि वर पानांत चाललेली खारींची व बुलबुलांची पळापळ, एवढे कोणालाही दिसते. क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. पण उंबराला फुले असतात, आणि शेकड्यांनी असतात. ज्याला आपण फळ म्हणतो त्या पोकळ गोळ्याच्या आतल्या भिंतीला ती लागलेली असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे गोळ्याच्या टोकाशी असलेले, खवल्यांनी जवळजवळ बुजलेले एक सूक्ष्म छिद्र. चिलटाहून लहान अशी एक गांधीलवर्गीय माशी त्या छिद्रातून आत घुसते. घुसताना तिचे पंख बहुधा तुटून पडतात, म्हणजे परतीचा मार्ग तिने आपल्या हाताने बंद केलेला असतो. अंगावर आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढे त्या फुलांत वाढलेल्या पिढीतले नर प्रथम बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, आणि फळाबाहेरचे जग म्हणून काही असते याचा त्यांना जवळजवळ पत्ताच नसतो. माद्यांशी मीलन करावे, त्यांना बाहेर पडण्यासाठी फळाच्या भिंतीला भोक पाडावे आणि मरावे, एवढेच त्यांचे चरित्र. माद्या मात्र पराग घेऊन त्या भोकातून बाहेर पडतात आणि योग्य अवस्थेतील फळे असलेले दुसरे उंबराचे झाड शोधावयास निघतात. यासाठी त्यांना एखाददुसरा दिवसच मिळतो.

या एकदोन दिवसांच्या मुदतीतच उन्हाळ्यातल्या पाखरांच्या अन्नाचे रहस्य आहे. गावातली सगळी उंबरे जर आंब्यांप्रमाणे एकाच हंगामात फळली, तर उरलेले दहा महिने या माश्यांना अंडी घालण्यास जागाच मिळणार नाही, त्यांचा वंश बुडेल आणि त्यांच्यामागोमाग उंबराचाही. म्हणून परिसरातले कोणते ना कोणते झाड वर्षाच्या प्रत्येक महिन्यात फळत असते. वड, पिंपळ आणि पिंपरी यांचीही गत हीच असून प्रत्येक जातीची माशी बहुधा स्वतंत्र असते. रानातले आणि बागांतले इतर मेवे जेव्हा संपलेले किंवा अजून कच्चे असतात, तेव्हा फळांवर पोसणाऱ्या पाखरांना या वृक्षांचाच आधार असतो. पिकलेले उंबर फोडून आतले किडे पाहताच नाक मुरडणाऱ्या माणसाला ही हकीकत अवश्य सांगावी. कारण ते किडे नसते तर ते फळही नसते, आणि ते फळ नसते तर वर बसून ओरडणारा कोकीळही बहुधा दुसऱ्या गावी गेला असता.

त्याच झाडाच्या शेंड्यावर, पाने झडलेल्या एखाद्या उघड्या काटकीवर, भर दुपारी तांबट बसलेला असतो. चिमणीपेक्षा जरासा मोठा, अंगाने हिरवा, कपाळ आणि छाती लालभडक, गळा पिवळा, आणि डोळ्याभोवती पिवळे वलय असा हा नटवा पक्षी हिरव्या पानांत सहज हरवतो. पण त्याचा ‘टुक्-टुक्-टुक्’ हा आवाज मिनिटाला शंभराहून अधिक वेळा, एकाच पट्टीत, न थकता चालू असतो. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पडत असावेत तसा हा नाद आहे, आणि नावही त्यावरूनच पडले आहे. नीट पाहिले तर आवाज काढताना त्याची चोच मिटलेली आणि गळा फुगलेला दिसतो. शिवाय प्रत्येक ठोक्यागणिक तो मान या बाजूस आणि त्या बाजूस वळवीत असल्याने आवाज नेमका कोठून येतो याचा ठाव लागत नाही. समोरच्या गच्चीवरच्या पक्ष्याला आपण मागच्या आळीत शोधत बसतो. या सगळ्या खटाटोपाचा हेतू हद्द आणि जोडीदार हाच आहे. नर आणि मादी मिळून वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत ढोली कोरतात. शेवगा, पांगारा यांच्या ठिसूळ लाकडाला त्यांची पसंती असते, आणि आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढे वाटोळे दार ठेवले जाते, म्हणजे वळवाचे पाणी आत शिरत नाही. झाडाखाली ताजा भुसा पडलेला दिसला की मान वर करावी.

ढोलीत घर करणारा दुसरा उन्हाळी पक्षी म्हणजे राखी धनेश, जो पुण्याच्या जुन्या वृक्षांच्या बागांतून आणि विद्यापीठाच्या आवारातून चांगला परिचित आहे. त्याची मादी ढोलीत शिरून आपल्याच विष्ठेने व चिखलाने दार लिंपून घेते आणि एक फट तेवढी ठेवते. त्या फटीतून नर तिला, आणि पुढे पिलांनाही, उंबरे, पिंपरीची फळे आणि किडे पुरवीत राहतो. हा बंदिवास कित्येक आठवड्यांचा असतो. मोठी पोकळ झाडे शहरात दुर्मीळ होत चालली असता हे पाखरू अद्याप टिकून आहे, याचे श्रेय ज्या थोड्या वृक्षांना आहे ते बहुधा कोणाच्याही दफ्तरी वारसा म्हणून नोंदलेले नसतात.

कोकिळेविषयी मराठी माणसाला नवे काही सांगणे अवघड आहे, तरी कवींनी तिची जी कैफियत मांडली आहे तीत काही दुरुस्त्या आवश्यक आहेत. पहाटे चारपासून चढत्या स्वरात ओरडून निद्रानाशाच्या रोग्यांना हैराण करणारा तो नर असतो, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची, पानांत दडून राहणारी, आणि तिचा आवाज म्हणजे घाईघाईचा ‘किक्-किक्-किक्’. तिच्या विणीचा काळ चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत असण्याचे कारण वसंताची शोभा हे नसून कावळ्याचे वेळापत्रक हे आहे. गावकावळा याच महिन्यांत काटक्यांचे, आणि शहरात काटक्यांइतकेच तारांच्या तुकड्यांचेही, ओबडधोबड घरटे बांधतो. नर कोकीळ मुद्दाम समोर येऊन ओरडतो, चिडलेले कावळे त्याच्या पाठीस लागतात आणि तेवढ्यात मादी आपले अंडे उरकते, असे पुष्कळ निरीक्षकांनी पाहिले आहे. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान असले तरी रंगाने व ठिपक्यांनी बरेच त्याच्यासारखे असते आणि आधी उबते. त्यामुळे उपऱ्या पिलाची वहिवाट घरमालकाच्या पिलांपूर्वीच सुरू झालेली असते. हे पिलू यजमानाची अंडी खाली ढकलून देते असा जो समज आहे तो इतर काही कोकीळवर्गीय पक्ष्यांच्या बाबतीत खरा असला, तरी आपल्या कोकिळेला बहुधा लागू पडत नाही. ते भुकेच्या आरडाओरड्यानेच आपला वाटा वसूल करते. मे-जूनमध्ये विजेच्या तारेवर बसून पंख फडफडवणारे एखादे कोकीळपिलू आणि त्याला शिळ्या पोळीचा तुकडा भरवणारा कावळा हा देखावा पाहावयास शहराबाहेर जाण्याची गरज नाही. फळांवर वाढणाऱ्या जातीचे पोर पोळी-भातावर कसे पोसते, हे मात्र नवल खरे.

दुपारी कावळे, साळुंक्या आणि घारी चोच उघडी टाकून बसलेल्या दिसतात, ते तहानेने व्याकूळ झाल्यामुळेच असे नव्हे. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. तोंडातून आणि श्वासमार्गातून पाण्याची वाफ होऊ देऊनच त्यांना अंगातली उष्णता बाहेर टाकावी लागते. अर्थात ते पाणी कोठून तरी मिळवावेच लागते, आणि म्हणून उंबरानंतर लक्ष ठेवावे ते गळक्या नळावर.

नळाच्या ओल्या कट्ट्यावर उन्हाळ्यात मधमाश्या येतात. अंधाऱ्या ढोलीत पोळी बांधणारी सातेरी, कुंडीतल्या झुडपाच्या बारीक फांदीलाही तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी आणि उंच इमारतींच्या सज्ज्यांना, पुलांना व पाण्याच्या टाक्यांना लोंबणारी आग्या, या तिन्ही जाती पुण्यात नित्याच्या आहेत. १९६२ पासून येथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थाही आहे. या माश्या पाणी केवळ पिण्यापुरते नेत नाहीत. पोळ्यातल्या अळ्यांना सुमारे ३४-३५ अंश उष्णता मानवते; बाहेरचा पारा चाळिशीला टेकला की कामकरी माश्या पाण्याचे थेंब आणून घरट्यात पसरवतात आणि पंखांनी वारा घालून त्यांची वाफ करतात. आपल्या खिडकीतल्या वाळ्याच्या ताट्यांमागचे शास्त्र हेच. आग्याचे पोळे उघड्यावर एकच, रुंद आणि लोंबते असते, आणि वरून माश्यांचाच जिवंत पडदा त्यावर पसरलेला असतो. एखादी मोठी गांधीलमाशी जवळ आली की या पडद्यावरच्या माश्या एकापाठोपाठ एक पोटे उचलतात आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट सरकत जाते. समोरच्या इमारतीच्या जिन्यातून, सुरक्षित अंतरावरून, ही लाट अवश्य पाहावी.

आग्याविषयी दोन गोष्टी शहरवासीयांना ठाऊक नसतात, आणि त्यापायी विनाकारण भीती पसरते. चांदण्या रात्री ही माशी अन्नासाठी बाहेर पडते, आणि म्हणून ती दिव्यांकडेही ओढली जाते. सकाळी गॅलरीत दिव्याखाली मेलेल्या माश्या सापडतात त्या विषप्रयोगाने मेलेल्या नसतात. दुसरी गोष्ट, दारात उभ्या केलेल्या मोटारींवर मोहरीएवढे असंख्य पिवळे ठिपके पडलेले दिसतात आणि मालक मंडळी त्याबद्दल झाडाला, पाखरांना किंवा रंगाऱ्याला दोष देतात. ते ठिपके म्हणजे आग्या माश्यांची विष्ठा. हजारो माश्या एकदम उडून उंचावरून मलविसर्जन करतात आणि खाली पिवळा पाऊस पडतो. याच पिवळ्या पावसाने एकदा आंतरराष्ट्रीय राजकारण ढवळून काढले होते. १९८१ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग यांनी सोव्हिएत रशियावर व त्याच्या मित्रराष्ट्रांवर आरोप केला की त्यांनी लाओस-कंबोडियाच्या अरण्यांत विषारी रासायनिक अस्त्रे वापरली आहेत. पुरावा म्हणून पानांवरचे पिवळे ठिपके पुढे करण्यात आले. तपासणीत त्या ठिपक्यांत पराग आढळले, तेही पचून पोकळ झालेले. पुढे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन आणि मधमाश्यांचे अभ्यासक थॉमस सीली थायलंडच्या जंगलांत गेले, आणि तेथे आग्या माश्यांच्या उड्डाणाचा हा पाऊस त्यांनी स्वतः अंगावर झेलला. दोन महासत्तांच्या वादाचे कारण झालेला पदार्थ पुण्याच्या वाहनतळावर ओल्या फडक्याने पुसला जातो, आणि तोही चडफडत. पोळे दिसताच धूर किंवा विषारी फवारा मारणाऱ्यांना बोलावण्याची जी चाल पडली आहे ती मला सर्वस्वी अविचाराची वाटते; आग्या माश्या हंगामाप्रमाणे स्थलांतर करतात, आणि थोडा धीर धरला तर पोळे आपोआप रिकामे होते.

मधमाश्यांच्या जोडीला त्याच नळाखालच्या चिखलावर कुंभारीण माशी येते. बारीक, देठासारखी कंबर असलेली, काळी-पिवळी अशी ही माशी चिखलावर उभी राहून जबड्यांनी ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी वळते, ती घेऊन थेट आपल्या खोलीत शिरते आणि पुस्तकांच्या फडताळाच्या मागे, पडद्याच्या घडीत किंवा विजेच्या बटणाशेजारी भिंतीला लावते. गोळी पसरताना ती एक किनरा गुंजारव करीत असते. त्या कंपाने चिखल सैल होतो आणि अर्धवर्तुळाकार पट्टी चटकन बसते. पहिली पट्टी वाळून फिकी पडेपर्यंत दुसरी ओली व गडद असते, त्यामुळे अर्धवट झालेली कोठी पट्ट्यापट्ट्यांची दिसते. बोटाच्या पेराएवढी नळकांडी तयार झाली की माशीचे चिखल आणणे थांबते आणि कोळी आणणे सुरू होते. नांगीच्या डंखाने ती त्यांना ठार करीत नाही, लुळे करते. कारण मेलेले कोळी या उन्हात कुजतील आणि अळीला ताजे अन्न मिळणार नाही. एका कोठीत असे पुष्कळ कोळी कोंबून, त्यांतल्या एकावर अंडे घालून ती तोंड लिंपते आणि शेजारी दुसरी कोठी घेते. तिचीच एक दूरची नातलग वाटोळा, गळ्याचा काठ दुमडलेला असा खरोखरीचा चिमुकला गडू घडवते. ती कोळ्यांऐवजी अळ्या साठवते, आणि अंडे आधी घालून छताला बारीक धाग्याने टांगून ठेवते. काही आठवड्यांनी मातीच्या कोठीला भोक पडते आणि आतून पंखवाली माशी बाहेर येते.

आत अळी गेलेली लोकांनी पाहिली, बाहेर माशी आलेली पाहिली आणि मध्ये गुंजारव ऐकला. यावरून ही माशी, म्हणजे भृंगी, अळीला डांबून तिच्याशी गुणगुणते आणि त्या अखंड ध्यासाने अळीच भृंगी होते, अशी कल्पना आपल्याकडे प्राचीन काळापासून रूढ झाली. वेदान्तातला ‘कीटभृंगन्याय’ तो हाच, आणि संतवाङ्मयातही ध्यानाने जीव शिवरूप होतो हे सांगण्यासाठी हा दृष्टांत वारंवार आला आहे. दृष्टांताची शोभा कीटकशास्त्राने उणी होत नाही. उलट मला कौतुक वाटते ते असे की मठा-मंदिरांच्या भिंतीवरची माशी आमचे पूर्वज इतक्या जवळून आणि इतका वेळ पाहत होते. आज ती दिसली की केरसुणी शोधली जाते.

कुंडीतल्या कढीलिंबाच्या पानांवर या दिवसांत पाखराच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ओघळ दिसतात, आणि त्यांतला एखादा चालू लागतो. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या या अळ्या असतात. लहानपणी शत्रूला किळस यावी असे रूप घेतात, मोठेपणी हिरव्या होऊन पानांत मिसळतात, आणि डिवचले तर डोक्यामागून नारिंगी दुशिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळीही लिंबाच्याच कुळावर वाढते. फोडणीला चार पाने कमी पडली तर चालण्यासारखे आहे. त्याच कुंडीत मोठी पाने असली तर शिंपी ती टाचून घरटे करतो, आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीला शिंजीर आपली लोंबती पिशवी बांधतो. दोघांनाही शिवणासाठी कोळिष्टके लागतात, तेव्हा गॅलरीची साफसफाई या तीन महिन्यांत थोडी हात राखून केलेली बरी. चिमण्यांना दाणे घालणाऱ्या दयाळू मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे की दाण्यांवर जगते ती मोठी चिमणी. घरट्यातली पिले वाढतात ती अळ्यांवर आणि किड्यांवर, आणि बागेत फवारणी करून दारात तांदूळ टाकणे म्हणजे एका हाताने काढून दुसऱ्या हाताने देणे होय.

दिवेलागणीला जुन्या पेठांवर पाकोळ्यांचे थवे किलबिलत घिरट्या घालतात. फांदीवर बसण्याजोगे पाय त्यांना नसतात. जन्मभर हवेत किडे टिपायचे, आणि टेकायचे ते वाड्यांच्या वळचणीला किंवा पुलाखाली लाळेने व पिसांनी चिकटवलेल्या घरट्याशी. त्या गेल्या की पिंगळा रस्त्यावरच्या दिव्याजवळच्या तारेवर येऊन बसतो, कारण उजेडाकडे येणारे किडे पकडणे हा त्याचाही धंदा आहे. मेच्या उत्तरार्धात, दुपारभर घुसमटून संध्याकाळी वळीव कोसळला, की त्या दिव्याखाली खरी गर्दी होते. शेतकऱ्याला ज्यांची धास्ती असते ते हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसाच्या ओलीने जमिनीतून बाहेर पडून कडुलिंब-बाभळीच्या पानांवर तुटून पडतात. त्यांतले वाट चुकलेले आपल्या गॅलरीत येऊन पाठीवर पडून भिरभिरत राहतात. मग एखाद्या ओल्या सायंकाळी झाडाच्या मुळाशी पडलेल्या भेगांतून पंख फुटलेली वाळवी उसळते. हे वारुळातले राजे-राण्या होऊ पाहणारे नर-मादी असतात. त्यांचे उड्डाण दुबळे आणि थोडा वेळ टिकणारे असते. जमिनीवर येताच ती पंख गाळून टाकतात, आणि एकीच्या मागे एक अशा जोड्या नव्या संसारासाठी मऊ माती शोधत पळू लागतात. त्यांतल्या बहुतेक कावळा, साळुंकी, पाल, बेडूक आणि पिंगळा यांच्या पोटात जातात, आणि हीच ती मेजवानी जिच्या हिशेबाने पाखरांनी चैत्रापासून घरटी बांधलेली असतात. याच सुमारास टेकड्यांच्या ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा, संस्कृतातला इंद्रगोप, फिरताना दिसतो. त्याला आठ पाय आहेत, म्हणजे तो कीटक नसून कोळ्यांच्या नात्यातला आहे, आणि तो नेमका या वेळी वर येतो तोही वाळवी खाण्यासाठीच.

काजव्यांविषयी एवढेच सांगतो की नराची लुकलुक आणि मादीचे उत्तर अंधारावाचून होऊ शकत नाही. शहराने तो अंधार घालवला. आता मोटारींचे दिवे पाजळीत राजमाचीला आणि भंडारदऱ्याला जाऊन तेथलाही घालवणे हे निसर्गप्रेमाचे लक्षण खचित नव्हे. पावशाचे ‘पेर्ते व्हा’ मात्र शहरातल्या बागांतूनही रात्री-अपरात्री ऐकू येऊ लागते, आणि मोसमी वाऱ्याच्या आगेमागे आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेला चातक गावाबाहेरच्या माळावर दिसतो. त्याच दिवसांत रात्रीचा प्रवास करणारा नवरंग कधी दमून, कधी काचेवर आपटून, एखाद्या घराच्या अंगणात सापडतो. अशा वेळी त्याला फोटोसाठी हातोहात फिरवू नये, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात शांत ठेवावे आणि सावरल्यावर झाडीत सोडावे.

एक विनंती करून थांबतो. पावसापूर्वी धोकादायक फांद्या उतरवण्याची जी मोहीम शहरोशहरी एप्रिल-मेमध्ये निघते, ती या सर्वांच्या विणीच्या ऐन मुदतीत निघते, आणि तीत प्रथम बळी जातो तो वाळक्या फांदीचा, म्हणजे तांबटाच्या घराचा. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. ढोलीसाठी वेगळा अर्ज करणारा कोणी नसतो. तरी आपल्या गृहसंस्थेच्या आवारात करवत चालण्यापूर्वी फांदीच्या खालच्या अंगाला वाटोळे भोक आहे काय हे एकदा पाहावे. असल्यास आणि फांदी कोणाच्या डोक्यावर येत नसल्यास तिला दीड-दोन महिन्यांची मुदतवाढ द्यावी, आणि पुढच्या वर्षी छाटणीचा अर्ज मार्गशीर्ष-पौषातच दाखल करावा.